प्रसारमाध्यमांतील करिअर : मुलाखतीला सामोरे जाताना

वृत्तपत्राच्या कार्यालयात मुलाखतीसाठी आलेल्या उमेदवाराला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा अगदी साधा असतो. ‘आजचा आमचा अंक वाचलात का?’ पदवी, गुणपत्रिका आणि निबंध स्पर्धांतील प्रशस्तिपत्रे यांची जाडजूड फाइल घेऊन आलेले अनेक उमेदवार नेमके याच प्रश्नाला अडखळतात. पहिल्या पानावरची मुख्य बातमी कोणती होती, अग्रलेखाचा विषय काय होता, तीच बातमी दुसऱ्या दैनिकाने कशी दिली होती, हे सांगता आले नाही तर पुढची मुलाखत ही केवळ औपचारिकता उरते. ज्याला बातमी वाचण्याची ओढ नाही, त्याला ती लिहिण्याची ओढ कुठून असणार, असा विचार समोर बसलेल्या वृत्तसंपादकाच्या मनात येतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

प्रसारमाध्यमांच्या क्षेत्राला वलय आहे. हाती ‘बूम’ घेऊन उभा असलेला प्रतिनिधी, पडद्यावरील निवेदिका किंवा पहिल्या पानावर नावासह छापून आलेली बातमी यांचे आकर्षण तरुणांना या क्षेत्राकडे खेचून आणते. मात्र निवड करणाऱ्यांना पाहायचे असते ते या वलयापलीकडचे : भाषा, चौकसपणा, अचूकता आणि वेळेचे बंधन पाळण्याची सवय. त्यामुळे माध्यमांतील मुलाखतीची तयारी अन्य क्षेत्रांपेक्षा वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

आधी क्षेत्र समजून घ्या

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा संपादन, लेखन आणि भाषांतर यांचा बहुतेक भार एकाच व्यक्तीवर असे. आज ही कामे अनेकांत विभागली गेली आहेत. दैनिकात बातमीदार, उपसंपादक, मुद्रितशोधक, छायाचित्रकार, पाने लावणारे, पुरवण्या सांभाळणारे आणि संकेतस्थळासाठी काम करणारे असे स्वतंत्र गट असतात. वृत्तवाहिनीत बातमी कोठून मिळवायची हे ठरविणारा ‘असाइनमेंट डेस्क’ वेगळा आणि ती पडद्यावर कशी न्यायची हे पाहणारा ‘आउटपुट’ विभाग वेगळा. त्याशिवाय निर्माता, संहितालेखक, व्हिडिओ संपादक, कॅमेरामन, ग्राफिक्स कलाकार आणि संशोधक यांची गरज असतेच. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागांना हंगामी तत्त्वावर वृत्तनिवेदक, अनुवादक व संपादन साहाय्यक लागतात. पीटीआय, यूएनआय यांसारख्या वृत्तसंस्था, जाहिरात संस्था आणि जनसंपर्क कंपन्या हे आणखी काही पर्याय होत.

मराठीत खासगी उपग्रह वाहिन्यांचा जोर १९९९-२०००पासून वाढला. २००७-०८च्या सुमारास चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या एकामागोमाग एक सुरू झाल्या आणि पत्रकारांसाठी मोठी भरती झाली. त्यानंतरच्या काळात मोबाइल हेच बातमी पाहण्याचे मुख्य साधन बनत गेले. परिणामी पूर्वी केवळ लिहिता येणे पुरेसे ठरणाऱ्या उमेदवाराकडून आता मोबाइलवर चित्रीकरण, प्राथमिक संपादन आणि शोधयंत्राला सापडेल असा मथळा देण्याचे कौशल्यही अपेक्षिले जाते.

सरकारी सेवेचा मार्ग निराळा आहे. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील अधिकारी पदांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत, तर भारतीय माहिती सेवेतील ‘गट अ’ची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते. या सर्व वाटांपैकी आपली कोणती, याचे उत्तर अर्ज करण्यापूर्वीच उमेदवारापाशी असायला हवे. ‘कोणतेही काम चालेल’ हे उत्तर नम्रतेचे वाटले, तरी समोरच्याला ते तयारीच्या अभावाचे लक्षण वाटते.

शिक्षण किती, अनुभव किती?

पुण्यात ‘रानडे इन्स्टिट्यूट’ या नावाने परिचित असलेला विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, मुंबई विद्यापीठाचे पत्रकारितेचे अभ्यासक्रम, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती येथील केंद्र ही राज्यातील परिचित नावे. १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेच्या या केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालविला जातो. मुंबई विद्यापीठाची ‘बीएमएम’ ही पदवी आता ‘बीएएमएमसी’ या नावाने ओळखली जाते. कॅमेरा, ध्वनी व संकलन यांचे सखोल शिक्षण घ्यायचे असल्यास पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये उभी राहिलेली ‘फिल्म इन्स्टिट्यूट’ आहे. मात्र तेथील प्रवेशासाठी तीव्र स्पर्धा असते.

पदविका असल्याने दार उघडते, पण आत बसायला जागा मिळते ती लेखनाच्या बळावर. विज्ञान, वाणिज्य, कृषी किंवा कायद्याची पदवी घेतलेल्या आणि चांगले मराठी लिहिणाऱ्या उमेदवाराला वृत्तपत्रे आवर्जून विचारात घेतात. अर्थसंकल्प, साखर उद्योग, न्यायालये, आरोग्य या विषयांत मुरलेला बातमीदार सहजी मिळत नाही. त्यामुळे आपल्या मूळ विषयाला ‘वेगळे क्षेत्र’ म्हणून झाकून ठेवण्याऐवजी तोच पुढे करणे शहाणपणाचे.

अर्ज आणि कात्रणे

नवख्या उमेदवाराचा परिचय एका पानात मावायला हवा. नाव, संपर्क, शिक्षण, अवगत भाषा, टंकलेखनाची पद्धत आणि प्रकाशित लेखन एवढा तपशील पुरेसा असतो. अर्जातच शुद्धलेखनाची चूक असेल, तर उपसंपादकाच्या जागेसाठी तो अर्ज तेथेच बाद होतो.

कात्रणांची निवड करताना संख्येपेक्षा विविधतेला महत्त्व द्यावे. एक घटना-वृत्त, एक मुलाखत, एक आकडेवारीवर आधारित बातमी आणि एक ललित अंगाने लिहिलेला लेख, अशी चार-पाच कात्रणे वा त्यांचे दुवे पुरेत. लेखन कोठेच प्रसिद्ध झाले नसेल, तर स्वतःहून दोन बातम्या तयार कराव्यात. आपल्या प्रभागातील बंद पडलेला दवाखाना, शाळेसमोरचा धोक्याचा चौक, पाण्याच्या टँकरचे दर असे विषय हाताशी असतात. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून लागू आहे. त्याअन्वये अर्ज करून मिळविलेले एखादे उत्तर जोडले, तर उमेदवाराची चिकाटी वेगळी सांगावी लागत नाही.

जोडलेल्या प्रत्येक कात्रणावर प्रश्न येणार हे गृहीत धरावे. ‘ही माहिती कोणी दिली? दुसऱ्या बाजूला विचारले का? बातमी आल्यावर पुढे काय झाले?’ सहकाऱ्याच्या मदतीने केलेले काम तसे असल्याचे सांगावे. दुसऱ्याची बातमी स्वतःच्या नावावर खपविण्याचा प्रयत्न दोन प्रश्नांत उघडा पडतो, आणि हे क्षेत्र इतके लहान आहे की त्याची वार्ता पुढच्या कार्यालयापर्यंत उमेदवाराच्या आधी पोहोचते.

लेखी चाचणीत काय विचारतात?

बहुतेक दैनिकांत आणि वाहिन्यांत मुलाखतीपूर्वी लेखी चाचणी घेतली जाते. तीत इंग्रजी बातमीचा अनुवाद, विस्कळीत मजकुरातून बातमी तयार करणे, मथळे देणे, चुका दुरुस्त करणे आणि सामान्यज्ञान असे भाग असतात. चाचणी संगणकावर होत असल्याने युनिकोड मराठीत, शक्यतो इनस्क्रिप्ट कळफलकावर, वेगाने लिहिण्याचा सराव हवा.

अनुवादात शब्दाला शब्द ठेवणारे फसतात. न्यायालयाच्या बातमीतील ‘बेंच’ म्हणजे बाक नव्हे, तर खंडपीठ. ‘ऑर्डर रिझर्व्हड’ म्हणजे आदेश आरक्षित नव्हे. निकाल राखून ठेवला. अपघातात कोणी जखमा ‘टिकवत’ नाही, तो जखमी होतो. आता यंत्रानुवादाची साधने सर्वांच्या हाती आहेत आणि अनेक कार्यालयांत ती वापरलीही जातात. म्हणूनच यंत्राने केलेला अनुवाद देऊन त्यातील चुका शोधायला सांगणे ही चाचणीची एक उपयुक्त रीत ठरते. यंत्राची चूक ओळखण्यासाठी मूळ विषय ठाऊक असावा लागतो.

पोलिस आणि न्यायालयाच्या बातम्यांतील संज्ञा तर पाठच हव्यात. गुन्हा दाखल होणे, अटक होणे, आरोपपत्र सादर होणे, आरोप निश्चित होणे आणि दोषी ठरणे या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. पोलिस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी एक नव्हे. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटका झाली असे नाही. ‘आरोपी’ऐवजी ‘गुन्हेगार’ लिहिणाऱ्या उमेदवाराचे बाकीचे लेखन कितीही सुंदर असले, तरी त्याच्या हाती रात्रपाळीचे पान सोपवायला कोणी धजत नाही.

आकड्यांचेही तसेच. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन आणि एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन, हे कोष्टक डोक्यात पक्के असावे. व्याजदर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, तर वाढ २ टक्के-बिंदूंची असते. मूळ दराच्या तुलनेत ती २५ टक्के ठरते. हा फरक न कळल्यास मथळाच चुकतो.

सामान्यज्ञानासाठी आधी आपले राज्य नीट जाणून घ्यावे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य. लोकसभेच्या ४८ व राज्यसभेच्या १९ जागा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात का होते, याचे उत्तर १९५३च्या नागपूर करारापर्यंत जाते. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या जिल्ह्यांची नावे आता अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर अशी झाली आहेत. बातमीत कोणते नाव कसे वापरायचे, याचेही भान लागते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यावर निबंध लिहिता येईल, परंतु ‘आशीर्वाद’ आणि ‘पुनर्विचार’ हे शब्द बिनचूक लिहिता येणे उपसंपादकासाठी अधिक निकडीचे. अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोशा’सारखे पुस्तक टेबलावर ठेवण्याची सवय विद्यार्थिदशेतच लावून घ्यावी.

कॅमेऱ्यासमोर, माइकसमोर

वाहिनीत निवेदक वा प्रतिनिधी होऊ इच्छिणाऱ्याला ‘स्क्रीन टेस्ट’ द्यावी लागते. येथे रूपाइतकेच, किंबहुना अधिक, पाहिले जातात ते उच्चार, श्वासावरचे नियंत्रण आणि प्रसंगावधान. ‘चंद्र’मधला च आणि ‘चमचा’तला च, ‘जीवन’मधला ज आणि ‘जागा’तला ज यांतील फरक मराठी कानाला तत्काळ कळतो. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांची गल्लत चालत नाही. मात्र बोलण्याला गावाकडची लय आहे म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. वैदर्भीय, मराठवाडी वा कोकणी वळणाच्या उमेदवाराला रोजच्या मोठ्याने वाचनाने प्रमाण उच्चार साधतात; शिवाय त्या-त्या भागातील लोकांशी त्यांच्या बोलीत संवाद साधता येणे हे प्रतिनिधीचे भांडवलच आहे.

ऐकण्यासाठी लिहिण्याची पद्धत वेगळी असते. छापील बातमीतील ‘३,४८७’ हा आकडा आकाशवाणीवर ‘सुमारे साडेतीन हजार’ असा अधिक नीट पोहोचतो. वाक्ये लहान हवीत, कारण श्रोत्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही. चाचणीत एखादा विषय देऊन एक मिनिट सलग बोलायला सांगितले जाते. अशा वेळी काय घडले, कोठे घडले, पुढे काय होणार, एवढा क्रम मनाशी धरला तर शब्द सुचत जातात. अडखळल्यास हसून वा माफी मागून वेळ न दवडता वाक्य दुरुस्त करून पुढे जावे. थेट प्रक्षेपणात हेच करायचे असते.

खरी कसोटी : ‘तुम्ही काय केले असते?’

मुलाखतीच्या उत्तरार्धात येणारे प्रश्न पुस्तकी नसतात. ‘अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराची बातमी तुमच्याकडे आहे. गावातील सर्वांना तिचे नाव ठाऊक आहे. समाजमाध्यमांवर तिचे छायाचित्र फिरते आहे. तुम्ही काय छापाल?’ येथे उमेदवाराच्या चतुराईपेक्षा समज तपासली जाते. पोक्सो कायदा २०१२च्या कलम २३ नुसार बालकाची ओळख उघड करता येत नाही. बलात्कारपीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खालील गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार, पीडितेचा मृत्यू झाला असला तरी हे बंधन सुटत नाही. आणि केवळ नावच नव्हे, तर जिच्यावरून तिची ओळख पटेल अशी कोणतीही माहिती टाळावी लागते. नाव वगळून शाळा, गल्ली आणि वडिलांचा व्यवसाय छापणारी बातमी कायद्याच्या दृष्टीने नाव छापण्याइतकीच घातक ठरते. इतरांनी दिले म्हणून आपणही दिले, हा बचाव न्यायालयात टिकत नाही आणि संपादकापुढेही टिकू नये.

आत्महत्येच्या बातमीबाबतही असेच प्रश्न येतात. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी बातमी ठळकपणे वा वारंवार देऊ नये, मार्गाचे वर्णन करू नये आणि मथळा सनसनाटी नसावा. जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे बदनामीचे कलमही आता ४९९-५०० ऐवजी ३५६ आहे. असे बदल ठाऊक असलेला नवोदित निश्चितच उठून दिसतो.

‘जाहिरातदाराविरुद्धची बातमी मिळाली तर?’ या प्रश्नाला तयार उत्तर नाही. बाणेदार भाषणापेक्षा ‘कागदपत्रे तपासीन, संबंधितांचे म्हणणे घेईन आणि बातमी पूर्ण करून वरिष्ठांपुढे ठेवीन’ हे उत्तर अधिक प्रामाणिक असते. ते जितके साधे, तितके विश्वासार्ह वाटते.

नियुक्तिपत्र वाचल्याशिवाय होकार नको

निवड झाल्याच्या आनंदात अटी न वाचता सही करणारे अनेक जण असतात. पहिल्या नोकरीतील वेतन अन्य क्षेत्रांच्या तुलनेत कमी असण्याची तयारी ठेवावी लागते. रात्रपाळी, सणावारांची ड्यूटी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणूक हेही ओघाने येते. परंतु ‘कमी’ आणि ‘काहीच नाही’ यांतला फरक स्पष्ट विचारावा. पद पगारी आहे की कंत्राटी, बातमीमागे मानधन आहे की दरमहा निश्चित रक्कम, परिवीक्षा किती महिन्यांची, प्रवासखर्च कोणाचा, हे विचारण्यात संकोच नको. बातमीदारीसाठी प्रश्न विचारता यायला हवेत. त्याची सुरुवात येथूनच होते.

श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींना १९५५ च्या कायद्याने संरक्षण दिले होते. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या व २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुन्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. नव्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक व डिजिटल माध्यमांतील पत्रकारांचाही समावेश असून कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने सक्तीचे केले असून प्रशिक्षणार्थींनाही तिचे संरक्षण मिळते. रात्री उशिरा घरी परतण्यासाठी वाहनाची सोय आहे का, हा प्रश्न मुलींनी मुलाखतीतच निःसंकोचपणे विचारावा.

या क्षेत्राच्या आकर्षणाचा गैरफायदा घेणारेही आहेत. ‘अनामत रक्कम भरा, प्रेस कार्ड आणि माइक घेऊन जा’ अशी जाहिरात ही नोकरी नव्हे, विक्री आहे. पत्रकाराने पैसे देऊन नव्हे, पैसे घेऊन काम करायचे असते. अशा कार्डाला शासकीय मान्यताही नसते. राज्यात पत्रकारांना अधिस्वीकृती पत्रिका मिळते ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, ठरावीक निकष पूर्ण केल्यानंतर. ज्या ‘संस्थे’त बातमी आणण्याऐवजी जाहिराती आणण्याचे लक्ष्य दिले जाते, तेथे पत्रकारिता शिकायला मिळणार नाही, हे वेळीच ओळखावे.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात

- संबंधित दैनिकाचे किमान सात दिवसांचे अंक वाचावेत. वाहिनी असल्यास तिची मुख्य बातमीपत्रे पाहावीत.
- एकाच घटनेची तीन माध्यमांतील मांडणी ताडून पाहावी आणि आपण ती कशी दिली असती, हे लिहून काढावे.
- रोज एका इंग्रजी बातमीचा तीनशे शब्दांत, घड्याळ लावून अनुवाद करावा.
- आपल्या शहरातील तीन विषय बातमीच्या कल्पना म्हणून तयार ठेवावेत. ‘उद्यापासून रुजू झालात तर पहिली बातमी कोणती कराल?’ हा प्रश्न हमखास येतो.
- कात्रणांच्या दोन प्रती, वही आणि चालणारे पेन सोबत असावे. पत्रकाराने पेन मागून घेणे शोभत नाही.
- ठरलेल्या वेळेआधी पोहोचावे. मुद्रणाची वेळ चुकवणाऱ्याला वृत्तपत्रात जागा नाही, आणि ही पहिलीच ‘डेडलाइन’ आहे.

पहिल्या मुलाखतीत निवड होतेच असे नाही. जागा मोजक्या असतात आणि नकाराचे कारण अनेकदा कळतही नाही. अशा वेळी चाचणीत जे चुकले ते त्याच दिवशी लिहून ठेवणारा उमेदवार पुढच्या मुलाखतीला अधिक तयारीने जातो. दरम्यान लेखन थांबवू नये. वाचकांच्या पत्रव्यवहारापासून स्थानिक साप्ताहिकापर्यंत लिहिण्याच्या जागा उपलब्ध आहेत. सहा महिन्यांनी त्याच कार्यालयाचे दार पुन्हा ठोठावताना फाइलमध्ये स्वतः शोधलेली, तपासलेली आणि कोणालाही विनाकारण इजा न करणारी एक नवी बातमी असेल, तर ‘आजचा अंक वाचलात का?’ या प्रश्नालाही उत्तर देताना अडखळायला होणार नाही.